इन्फ्ल्युएन्झा आणि त्याचे सोबती

एका देहांत एका वेळीं एकच रोग वस्तीला येतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. घरांत कोणी अंथरुणाला खिळलें, कीं "हा कसला ताप?" असा एकवचनी प्रश्न आपण डॉक्टरांना विचारतों आणि त्यांनीं एकच नांव सांगून आपल्याला मोकळें करावें, अशी आपली अपेक्षा असते. नांव कळलें म्हणजे अर्धें दुखणें हटलें असेंही आपल्याला वाटतें. परंतु निसर्गाला हा हिशेब मान्य नाहीं. ज्या नाकातोंडाच्या वाटेनें एक जंतु आंत शिरतो, त्याच वाटेनें दुसराही शिरूं शकतो. आणि पहिल्यानें दार मोडून ठेवलें असेल, तर दुसऱ्याला तें ठोठावावेंही लागत नाहीं.

२०२१ साल संपून २०२२ उजाडण्याच्या सुमारास जगभरच्या वृत्तपत्रांत एक बातमी झळकली. इस्राएलमधील एका रुग्णालयांत एका गर्भवती स्त्रीच्या तपासणींत इन्फ्ल्युएन्झा आणि करोना या दोन्ही रोगांचे विषाणु एकदमच सांपडले होते. त्या स्त्रीचें दुखणें सौम्य होतें. परंतु बातमी सौम्य नव्हती. दोन्ही रोगांचीं नांवें एकमेकांस सांधून "फ्लुरोना" असा एक शब्द प्रचारांत आला आणि जणूं एखादा नवा राक्षसच जन्मास आला आहे, अशी धास्ती पुष्कळांनीं घेतली. वस्तुतः असे दुहेरी रोगी २०२० सालच्या पहिल्या महिन्यांतच आढळले होते. आणि एका देहांत दोन जंतु सांपडले असतां खरा अपराधी कोणता, हा प्रश्न तर त्याहूनही शंभर वर्षांहून अधिक जुना आहे. त्या प्रश्नाचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशीं इन्फ्ल्युएन्झाचाच इतिहास होय. त्याचें उत्तर चुकल्यामुळें काय झालें, आणि तें बरोबर येण्यास किती वर्षें लागलीं, हें पाहण्यासारखें आहे.

१८८९ सालीं मध्य आशियांतील बुखारा येथें एक तापाची साथ उद्भवली. त्याच वर्षाच्या अखेरीस ती रशियाच्या राजधानींत, सेंट पीटर्सबर्गला पोंचली आणि तेथून आगगाडीच्या व आगबोटीच्या वेगानें सर्व युरोपांत व अमेरिकेंत पसरली. १८९० सालीं ती हिंदुस्थानांतही आली. लोकांनीं तिला "रशियन इन्फ्ल्युएन्झा" असें नांव दिलें. तो काळ जंतुशास्त्राच्या ऐन विजयाचा होता. रॉबर्ट कॉख या जर्मन पंडितानें १८८२ सालीं क्षयाचा जंतु दाखवून दिला होता आणि लौकरच पटकीचा जंतुही ओळखला होता. प्रत्येक रोगाला त्याचा स्वतःचा असा एक जंतु असलाच पाहिजे, हें सूत्र त्या यशामुळें शास्त्रज्ञांच्या मनांत पक्कें रुजलें. तेव्हां इन्फ्ल्युएन्झाचाही जंतु असावयासच हवा होता. प्रश्न फक्त तो कोण हुडकतो एवढाच उरला होता.

तो मान कॉखचा सहकारी रिचर्ड फायफर यास मिळाला. बर्लिन येथें इन्फ्ल्युएन्झाच्या रोग्यांच्या थुंकींत त्याला एक अत्यंत बारीक, काडीसारखा जंतु आढळला. हा जंतु रक्त मिसळलेल्या खाद्यावरच वाढे. १८९२ सालीं फायफरनें तोच इन्फ्ल्युएन्झाचें कारण असल्याचें जाहीर केलें आणि जगानें तें मान्य केलें. पुढें सुमारें चाळीस वर्षें पाठ्यपुस्तकांतून हेंच शिकविलें जात होतें. फायफरनें जें पाहिलें तें खोटें नव्हतें. तो जंतु रोग्यांच्या घशांत खरोखरीच होता, आणि तो रोग वाढवितही असे. परंतु तो मूळ अपराधी नव्हता. तो सोबती होता. मूळ अपराधी इतका सूक्ष्म होता, कीं त्या वेळच्या कोणत्याही सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तो दिसणें शक्यच नव्हतें. त्यामुळें चोरी झालेल्या घरांत जो प्रथम दिसला, त्यालाच चोर म्हणून पकडण्यांत आलें, आणि तपास तेथेंच थांबला.

या थांबलेल्या तपासाची किंमत १९१८ सालीं मोजावी लागली. त्या वर्षाच्या १० जून रोजीं मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले सात पोलीस शिपाई तापानें आजारी पडून रुग्णालयांत दाखल झाले. त्यानंतर गोदींतील मजूर, गिरण्या, पेढ्या, कचेऱ्या असा तो ताप शहरभर फिरला. जुलै सरतां सरतां तो ओसरला, आणि लोकांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु सप्टेंबरांत दुसरी लाट आली, ती मात्र वेगळ्याच जातीची होती. पहिल्या लाटेंत माणसें तीन-चार दिवस अंग दुखून बरीं होत. दुसरींत धडधाकट तरुण माणसाचा चेहरा एक-दोन दिवसांत काळानिळा पडे, छातींत पाणी भरल्यासारखा घरघराट होई आणि न्युमोनियानें त्याचा अंत होई. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशीं मुंबई शहरांत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्या वर्षींच्या उत्तरार्धांत एकट्या मुंबई इलाख्यांत दहा लाखांहून अधिक माणसें या रोगाला बळी पडलीं. सबंध हिंदुस्थानांतील बळींचा अंदाज निरनिराळ्या अभ्यासकांनीं एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत केला आहे. १९२१ च्या खानेसुमारींत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटलेली दिसली; असें दुसऱ्या कोणत्याही खानेसुमारींत घडलेलें नाहीं.

मृत्यूची ही विषमता केवळ जंतूच्या लहरीवर अवलंबून नव्हती. त्याच वर्षीं पाऊस दडी मारून बसला होता; धान्य महागलें होतें; महायुद्धामुळें बाजार विसकटला होता. मुंबई शहरांत दर हजारी मृत्यूंचे जे आंकडे त्या वेळीं निघाले, ते आजही वाचवत नाहींत. युरोपियन वस्तींत हें प्रमाण हजारीं ८·३ होतें. ज्यांना सरकारी दप्तरांत खालच्या जातीचे हिंदु म्हणून नोंदलें जाई, त्यांच्यांत तें ६१·६ होतें. जंतु तोच, शहर तेंच, महिनाही तोच. फरक होता तो अन्नाचा, हवेशीर खोलीचा आणि आजाऱ्याच्या उशाशीं बसून पाणी देणाऱ्या माणसाचा. स्त्रियांच्या वांट्याला मृत्यु पुरुषांपेक्षां अधिक आला, याचेंही कारण असेंच शोधावें लागतें. त्या आजाऱ्याची शुश्रूषा करीत आणि स्वतः शेवटीं व कमी जेवीत.

आतां या मृत्यूंचें प्रत्यक्ष कारण काय होतें? डॉक्टरांनीं फायफरचा जंतु शोधावयास आरंभ केला, आणि येथेंच घोंटाळा उडाला. कांहीं ठिकाणीं तो सांपडे. कांहीं ठिकाणीं मुळींच सांपडत नसे. मृतांच्या फुफ्फुसांत न्युमोनियाचे गोल जंतु, मालेसारखे जंतु, द्राक्षांच्या घोंसासारखे जंतु असे नाना प्रकारचे जीव भरलेले दिसत. जो तो आपल्यास सांपडलेल्या जंतूची लस तयार करी; कित्येकांनीं सर्वांचीच मिसळ करून ती टोंचली. बोस्टन येथें नौदलाच्या तुरुंगांतील स्वयंसेवकांच्या नाकांत व घशांत फायफरचे जंतु आणि रोग्यांचे स्राव फवारून पाहण्यांत आले. इतकेंच नव्हे, तर रोग्यांना त्यांच्या तोंडासमोर खोकावयास लावलें. कोणीही आजारी पडला नाहीं. त्यांच्यांतील पुष्कळांना ही साथ आधींच स्पर्शून गेली असावी, असें आज वाटतें. पण त्या वेळीं या निष्फळतेनें शास्त्रज्ञांची मति गुंग झाली. उलट ट्युनिसच्या पाश्चर संस्थेंत शार्ल निकोल व शार्ल लबायी या दोघां फ्रेंच शास्त्रज्ञांनीं रोग्यांचा स्राव अत्यंत बारीक गाळणींतून गाळला आणि जंतु जींतून पार होऊं शकत नाहींत अशा त्या गाळणींतून उतरलेल्या पाण्यांतच रोगाचें बीज असल्याचें जाहीर केलें. परंतु त्या गदारोळांत त्यांच्याकडे फारसें लक्ष गेलें नाहीं.

फायफरच्या जंतूचा दरारा किती होता, याचें एक गमतीदार उदाहरण आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यानें लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयांत पेनिसिलिनचा शोध लावला, हें सर्वांना ठाऊक आहे. परंतु १९२९ सालीं त्यानें जो पहिला निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या मथळ्यांतच या नव्या द्रव्याचा उपयोग सांगितला होता, तो फायफरचा जंतु वेगळा काढण्याकरितां! पेनिसिलिननें शेजारचे इतर जंतु मरत आणि फायफरचा जंतु मात्र जगे. त्यामुळें तो निवडून घेणें सोपें जाई. पुढें ज्या औषधानें लक्षावधि प्राण वांचविले, तें आरंभीं एका चुकीच्या अपराध्याचा माग काढण्याचें साधन म्हणून जगापुढें आलें होतें.

या गुंत्याचा उलगडा माणसांत न होतां डुकरांत झाला. १९१८ च्याच शरदऋतूंत अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत डुकरांमध्यें माणसांच्या इन्फ्ल्युएन्झासारखाच एक ताप पसरला होता. जे. एस. कोएन या पशुवैद्यानें त्याला इन्फ्ल्युएन्झाच म्हटलें, तेव्हां डुकरांचे व्यापारी त्याच्यावर रागावले. कारण या नांवानें गिऱ्हाइकें मांस घेईनाशीं होतील अशी त्यांना भीति वाटली. दहा वर्षांनंतर रॉकफेलर संस्थेचा रिचर्ड शोप हा तरुण शास्त्रज्ञ या रोगाच्या मागें लागला. त्याच्याबरोबर काम करणारा पॉल लुईस हा १९२९ सालीं ब्राझीलमध्यें पीतज्वरानें वारला. तरीही शोपनें काम सोडलें नाहीं. आजारी डुकरांच्या श्वासनलिकेंत त्याला फायफरच्या जंतूचा जणूं सख्खा भाऊच सांपडला. तो एकटा निरोगी डुकराला टोंचला असतां कांहींच होईना. मग त्यानें स्राव गाळून जंतुविरहित पाणी दिलें. तेव्हां डुकराला थोडेसें दुखणें आलें आणि गेलें. शेवटीं त्यानें दोन्ही एकत्र दिले. आणि तेव्हां मात्र खरा, जीव घेणारा इन्फ्ल्युएन्झा प्रकट झाला.

१९३१ सालीं प्रसिद्ध झालेला हा शोध वैद्यकाच्या इतिहासांत फार मोलाचा आहे. "हा कीं तो?" या प्रश्नांतच गफलत होती, असें शोपनें दाखवून दिलें. उत्तर "दोघेही" असें होतें, पण दोघांचें काम वेगळें होतें. गाळणींतून पार होणारा विषाणु वाट मोकळी करीत असे आणि मागून आलेला जंतु घात करीत असे. फायफरनें ज्याला पाहिलें तो घटनास्थळीं हजर होता हें खरें, आणि ज्यांना तो सांपडला नाहीं त्यांचेंही म्हणणें खरें. कारण सोबती प्रत्येक वेळीं तोच असेल असें नाहीं.

दोन वर्षांनीं, १९३३ सालीं, लंडन येथें विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या त्रयीनें माणसाच्या इन्फ्ल्युएन्झाचा विषाणु हस्तगत केला. रोग्यानें घसा धुतलेलें पाणी गाळून त्यांनीं तें फेरेट नांवाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या नाकांत सोडलें, आणि तो प्राणी शिंकूं लागला. १९३६ सालीं अशाच एका आजारी फेरेटाची शिंक तोंडावर आल्यानें प्रयोगशाळेंतील एक संशोधक स्वतः इन्फ्ल्युएन्झानें आजारी पडला. माणसापासून प्राण्याला आणि प्राण्यापासून पुन्हां माणसाला, असें वर्तुळ पुरें झालें. फायफरच्या जंतूचें सिंहासन गेलें. पण शास्त्रीय नांवांत त्याची आठवण उरली आहे. "हीमोफिलस इन्फ्ल्युएन्झी" असेंच त्याला आजही म्हणतात. इन्फ्ल्युएन्झा न करणाऱ्या जंतूला इन्फ्ल्युएन्झाचें नांव असावें, ही त्या जुन्या चुकीची कायमची खूण होय. आणि १९१८ च्या मृत्यूंचा निवाडा? तो २००८ सालीं झाला. अमेरिकन शास्त्रज्ञांनीं त्या साथींत मृत्यु पावलेल्या ५८ व्यक्तींच्या फुफ्फुसांचे जपून ठेवलेले तुकडे नव्यानें तपासले आणि जुने शवपरीक्षेचे हजारों अहवाल चाळले. बहुतेक सर्व मृत्यूंत इन्फ्ल्युएन्झाच्या पाठोपाठ आलेल्या जंतुजन्य न्युमोनियाचा हात त्यांना दिसून आला.

आतां या गोष्टींतील दुसऱ्या पात्राकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ सालीं, इंग्लंडमध्यें सॅलिस्बरी गांवाजवळ साध्या पडशाचा अभ्यास करण्याकरितां एक केंद्र उघडण्यांत आलें. तेथें स्वयंसेवक आपल्या सुटीचे दहा दिवस घालवीत आणि नाकांत पडशाचे थेंब सोडून घेत. या केंद्रांत डेव्हिड टिरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका शाळकरी मुलाच्या नाकांतील स्रावांत असा एक विषाणु आढळला, कीं तो नेहमींच्या पद्धतींनीं वाढेना. १९६५ सालीं त्यांनीं श्वासनलिकेच्या तुकड्यांवर तो वाढवून दाखविला. १९६६ सालीं शिकागो येथें डोरोथी हॅमर व जॉन प्रॉकनाव यांनीं असाच दुसरा विषाणु नोंदविला. हे विषाणु दिसतात तरी कसे, हें पाहण्याचें काम लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत जून आल्मेडा या बाईंकडे आलें. ग्लासगोच्या एका बसचालकाच्या या मुलीनें सोळाव्या वर्षींच शाळा सोडली होती. पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाताळण्यांत तिचा हात धरणारा कोणी नव्हता. टिरेलनीं पाठविलेल्या नमुन्यांत तिला कडेनें किरणांचें वलय असलेले गोल कण दिसले. असेच कण तिनें पूर्वींही प्राण्यांच्या दोन रोगांत पाहिले होते. परंतु तो निबंध परीक्षकांनीं परत पाठविला होता. त्यांच्या मतें तीं इन्फ्ल्युएन्झा विषाणूचींच बिघडलेलीं छायाचित्रें होतीं!

म्हणजे करोना विषाणूला जग प्रथम ओळखूं शकलें नाहीं, तें तो इन्फ्ल्युएन्झासारखा दिसला म्हणून. १९६८ सालीं या कुळाला "करोना", म्हणजे मुकुट, हें नांव मिळालें. यापुढची एक शंका तर अधिकच चमत्कारिक आहे. २००५ सालीं बेल्जियमच्या संशोधकांनीं माणसाला साधें पडसें आणणाऱ्या एका करोना विषाणूची घडण गाईबैलांच्या करोना विषाणूशीं ताडून पाहिली. दोघांची फारकत १८९० च्या आसपास झाली असावी, असा हिशेब निघाला. तेव्हां फायफरनें जिच्यांत आपला जंतु शोधला, ती रशियन साथ इन्फ्ल्युएन्झाची नसून करोनाचीच तर नव्हती ना, असा प्रश्न कांहीं अभ्यासक विचारूं लागले. तो सिद्ध झालेला नाहीं, आणि इन्फ्ल्युएन्झाच्या बाजूनेंही पुरावा मांडला जातो. परंतु या दोन कुळांची ओळखपाळख घोंटाळ्यांतच सुरू झाली, एवढें खरें.

दोन विषाणु एका देहांत आले, म्हणजे ते एकमेकांना मदतच करतात, असें मात्र समजूं नये. कित्येकदां पहिला आलेला दुसऱ्याला पाय ठेवूं देत नाहीं. १९५७ सालीं लंडनमध्यें ॲलिक आयझॅक्स व जीन लिंडेनमान यांनीं अंड्यांतील पिलाच्या पातळ पडद्यावर उष्णतेनें मारलेला इन्फ्ल्युएन्झा विषाणु ठेवला. त्यानंतर त्या पडद्यावर जिवंत विषाणु नीट वाढेना. पेशींनीं सावध होऊन एक द्रव्य बाहेर सोडलें होतें. त्याला त्यांनीं "इंटरफेरॉन" असें नांव दिलें. एका घरीं दरोडा पडला असतां साऱ्या आळीनें कड्या लावून घ्याव्या, तसा हा प्रकार आहे. २००९ सालीं डुकरांपासून आलेल्या नव्या इन्फ्ल्युएन्झाची साथ फ्रान्स व स्वीडन या देशांत कांहींशी उशिरां उसळली. त्या वेळीं तेथें चालू असलेल्या पडशाच्या साथीनें तिला थोपवून धरलें असावें, असें तेथील शास्त्रज्ञांचें अनुमान होतें.

अशा स्थितींत २०२० सालीं नवा करोना विषाणु आला. भारतांतील पहिला रोगी ३० जानेवारी २०२० रोजीं केरळांत निश्चित झाला. त्या नमुन्याची परीक्षा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें केली. १९५२ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेंतच पुढें या विषाणूचें इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालील छायाचित्रही घेण्यांत आलें. हिंवाळ्यांत इन्फ्ल्युएन्झाही उसळेल आणि दोन्ही साथी एकदम चालून येतील, अशी भीति त्या वर्षीं सर्व देशांना पडली होती. घडलें तें उलटेंच. मुखपट्ट्या, बंद शाळा, थांबलेली वाहतूक, आणि कदाचित् विषाणूंची आपसांतील चढाओढ, यांमुळें इन्फ्ल्युएन्झा जवळजवळ दिसेनासा झाला. त्याची "बी-यामागाटा" नांवाची एक शाखा तर मार्च २०२० नंतर खात्रीलायकपणें कोठेंच आढळलेली नाहीं. म्हणून पुढें जागतिक आरोग्य संघटनेनें तिला लसींतून वगळण्याची शिफारस केली. निर्बंध सैल झाले तसा इन्फ्ल्युएन्झा परतला, आणि मग दुहेरी रोगी अधिक दिसूं लागले.

अशा रोग्याचें काय होतें? साथीच्या पहिल्या महिन्यांत, २० जानेवारी ते २५ एप्रिल २०२० या काळांत, इंग्लंडमध्यें दोन्ही विषाणूंसाठीं तपासलेल्या १९,२५६ जणांपैकीं अवघ्या ५८ जणांत दोन्ही सांपडले. ज्यांना इन्फ्ल्युएन्झा झाला होता, त्यांच्यांत करोना सांपडण्याचें प्रमाण उलट कमी होतें. म्हणजे कड्या लावण्याचा तो जुना नियम येथेंही दिसला. परंतु ज्या ५८ जणांच्या घरीं दोघेही शिरले, त्यांच्यांपैकीं ४३ टक्के दगावले. केवळ करोना झालेल्यांत हें प्रमाण सुमारें २७ टक्के होतें. मार्च २०२२ मध्यें ब्रिटनमधून याहून मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णालयांत दाखल झालेल्या दोन लक्ष बारा हजारांहून अधिक करोनाच्या रोग्यांपैकीं ६,९६५ जणांची इतर विषाणूंसाठीं तपासणी झाली होती. त्यांतील ५८३ जणांत दुसरा विषाणु आढळला आणि २२७ जणांत तो इन्फ्ल्युएन्झाचा होता. या २२७ जणांना कृत्रिम श्वासयंत्र लागण्याचा संभव चौपटीहून थोडा अधिक आणि मृत्यूचा संभव दुपटीहून अधिक दिसून आला. हे सर्व रुग्णालयांतील आजारी लोक होते, घरीं बसून बरे झालेले नव्हेत, ही गोष्ट मात्र ध्यानांत ठेवली पाहिजे.

आंकड्यांच्या दोन बाजू येथें एकमेकींच्या विरुद्ध दिसतात, पण तशा त्या नाहींत. पेशी सावध होऊन दुसऱ्याला अडवितात, म्हणून दोघे एकत्र येणें दुर्मिळ असतें. परंतु ही अडवणूक जेथें फसते, तेथें देहाची शक्ति दोन आघाड्यांवर विभागली जाते. शिवाय नवा करोना विषाणु पेशींवरील ज्या कडीला धरून आंत शिरतो, त्या कड्यांची संख्या इन्फ्ल्युएन्झाच्या लागणीनंतर वाढते, असेंही कांहीं प्रयोगांत दिसलें आहे. आणि फुफ्फुसांतील नाजूक पडदा दोन बाजूंनीं खरवडला गेला, म्हणजे मागून येणाऱ्या जंतूंना १९१८ सारखेंच रान मोकळें होतें.

यांतून उपचाराचाही एक पेंच निर्माण होतो. जून २०२० मध्यें ब्रिटनमधील एका मोठ्या परीक्षणानें असें दाखविलें, कीं डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडनें श्वासयंत्रावरील करोनाच्या रोग्यांत मृत्यु सुमारें एक तृतीयांशानें घटतात. परंतु इन्फ्ल्युएन्झाच्या न्युमोनियांत स्टेरॉइड दिलेल्या रोग्यांची स्थिति अधिक वाईट झालेली अनेक निरीक्षणांत आढळली होती. इन्फ्ल्युएन्झावर ऑसेल्टामिविर हें औषध आहे. करोनावर तें चालत नाहीं, आणि इन्फ्ल्युएन्झांतही तें जितकें लौकर द्यावें तितकें बरें. तेव्हां एका विषाणूचें नांव कळतांच तपास थांबविला, तर दुसऱ्यावरचें औषध राहून जातें. ताप, खोकला, अंगदुखी हीं लक्षणें दोघांचींही सारखींच. रोग्याकडे पाहून भेद करणें निष्णात डॉक्टरालाही अवघड. म्हणूनच आतां एकाच नमुन्यांत दोन्ही विषाणु शोधणाऱ्या तपासण्या निघाल्या आहेत, आणि आपल्याकडे इन्फ्ल्युएन्झा जेव्हां अधिक पसरतो त्या पावसाळ्याच्या दिवसांत त्यांचें महत्त्व विशेष आहे.

एक भीति मात्र निराधार आहे. इन्फ्ल्युएन्झा व करोना यांचा संकर होऊन नवा विषाणु जन्मेल, असें पुष्कळांना वाटलें होतें. इन्फ्ल्युएन्झाचें बीजद्रव्य आठ तुकड्यांचें असतें, आणि दोन इन्फ्ल्युएन्झा विषाणु एका पेशींत भेटले तर ते हे तुकडे पत्त्यांप्रमाणें पिसून वांटून घेऊं शकतात. मोठ्या साथी अशाच जन्माला येतात. परंतु करोनाचें बीजद्रव्य एकसंध, सुमारें तीस हजार अक्षरांचें, आणि सर्वस्वीं निराळ्या कुळाचें आहे. दोघे एका घरांत राहतील, पण त्यांचें लग्न लागणार नाहीं. "फ्लुरोना" हें दोघां पाहुण्यांचें जोडनांव होय. तिसऱ्या कोणाचें नव्हे.

१८९२ पासूनचा हा प्रवास पाहिला, म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. एका रोगाला एक जंतु हें सूत्र खोटें नव्हतें. त्याच सूत्रानें क्षय, पटकी आणि प्लेग यांचें मूळ सांपडलें. परंतु एक कारण हातीं लागतांच दुसरें नसेलच असें मानणें, ही त्या सूत्राची सांवली होती, आणि तिच्यांत चाळीस वर्षें गेलीं. १९१८ सालच्या डॉक्टरांपाशीं विषाणु पाहण्याचें यंत्र नव्हतें. जंतूंवर चालणारें पेनिसिलिन नव्हतें. इन्फ्ल्युएन्झाची लस तर स्वप्नांतही नव्हती. आज इन्फ्ल्युएन्झाची लस आहे, करोनाची आहे, आणि न्युमोनियाच्या प्रमुख जंतूचीही आहे. वृद्ध, गर्भवती स्त्रिया, मधुमेह वा दम्यानें पीडलेलीं माणसें यांनीं आपल्या डॉक्टरांना विचारून त्यांचा लाभ घेणें, म्हणजे सोबत्यांना वाटेंतच अडविणें होय. मुंबईच्या त्या हजारीं साडेआठाहून कमी आणि हजारीं एकसष्टाहून अधिक मृत्यूंच्या आंकड्यांत आणखी एक सोबती उभा आहे. तो कोणत्याही सूक्ष्मदर्शकाखालीं दिसत नाहीं. उपासमार आणि कोंदट खोली यांच्या संगतीनें आलेला रोग नेहमींच दुहेरी असतो. आणि त्याची तपासणी करावयास कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाहीं.